यास्नाया पोल्याना : घरात पाऊण तास, आवारात अख्खा दिवस

यास्नाया पोल्यानाला, म्हणजे रशियन लेखक टॉलस्टॉय यांच्या जहागिरीला, जाणारे बरेच जण एकच चूक करतात. मॉस्कोहून आरामात निघायचं, दुपारी पोहोचायचं, आणि तिकीटखिडकीवर ऐकायचं की टॉलस्टॉयच्या घराच्या आजच्या फेऱ्या भरल्या. मग आवारात दोन फोटो काढून माघारी. मॉस्कोपासून दोनशे किलोमीटर येऊन घर न बघता परतणं फार लागतं. म्हणून आधी घराची वेळ पक्की करा आणि बाकीचा दिवस तिच्या मागेपुढे बसवा.

या घरात मोकळं हिंडता येत नाही. ठरावीक वेळेला थोड्या लोकांची तुकडी गाईडबरोबर आत जाते आणि पाऊण ते एक तासात बाहेर येते. ही काही अडवणूक नव्हे. खोल्या लहान आहेत आणि वस्तू काचेच्या पेट्यांत ठेवलेल्या नाहीत, जिथल्या तिथे उघड्या आहेत. खुर्ची म्हणजे टॉलस्टॉय ज्यावर बसत तीच खुर्ची, आणि तुमच्या तिच्यामध्ये फक्त एक दोरी. पंचवीस माणसं एकदम शिरली तर कुणाच्या तरी पाठपिशवीचा धक्का लागणारच.

आधी प्रवासाचं. भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून मिळतो, त्यामुळे निमंत्रणपत्राची कटकट राहिली नाही. मात्र हा व्हिसा ठरावीक विमानतळांवर आणि नाक्यांवरच चालतो. आपला विमानतळ यादीत आहे ना, ते अर्ज करण्याआधी बघा. खरी अडचण पैशांची. रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्ड ही दोन्ही कार्डं मार्च २०२२ पासून तिथे चालत नाहीत. हॉटेलात नाही, एटीएमला नाही, आणि संग्रहालयाचं तिकीट ऑनलाइन काढायलाही नाही. म्हणून डॉलर किंवा युरो रोख न्यायचे आणि बँकेत रुबल करून घ्यायचे. नोटा कोऱ्या हव्यात. पेनची रेघ, शिक्का किंवा घडीवर फाटलेली कड दिसली की नोट परत सरकवतात.

मॉस्कोच्या कूर्स्की स्टेशनवरून तुला शहराला ‘लास्तोच्का’ नावाच्या जलद गाड्या सुटतात. दोन ते अडीच तास लागतात. पहाटेची गाडी धरा. तुलाहून पोल्याना साधारण १२-१४ किलोमीटर. श्चोकिनोकडे जाणारी बस किंवा मिनीबस (तिकडे तिला ‘मार्श्रूत्का’ म्हणतात) हमरस्त्यावरच्या फाट्याला सोडते, तिथून वीस-एक मिनिटं पायी. ड्रायव्हरला चढतानाच ‘यास्नाया पोल्याना’ सांगून ठेवायचं, नाहीतर गाडी फाट्यावरून पुढे निघून जाते. दोघं-तिघं असाल तर तुलाहून टॅक्सी सोयीची पडते. मोबाइलच्या इंटरनेटवर विसंबू नका. ते मधूनच बंद पडतं. नकाशा आणि रशियन भाषांतराचं अ‍ॅप घरी असतानाच उतरवून ठेवा. सोमवारी संग्रहालय बंद असतं.

दाराशी दोन गोल, पांढरे, बसके बुरूज आहेत. हे टॉलस्टॉयच्या आईचे वडील प्रिन्स निकोलाय वोल्कोन्स्की यांच्या काळचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सैन्यातून निवृत्त होऊन ते इथे राहायला आले आणि बाग, तळी, रस्ते यांची मांडणी त्यांनी केली. आज आपण ज्या वाटांनी चालतो त्या बहुतेक त्यांनी आखलेल्या. टॉलस्टॉयना ही जहागीर मिळाली ती आईकडून. वडिलांकडून काउंट ही पदवी आली, जमीन मात्र आईच्या माहेरची. संग्रहालयाच्या ताब्यात आज चारशे हेक्टरांहून जास्त, म्हणजे हजारेक एकर आवार आहे. त्यात जंगल, फळबाग, तळी, कुरणं सगळं आलं. सगळं एका दिवसात पायाखाली घालायचा हट्ट धरू नये.

बुरुजांबाहेर ‘कासा’ असं लिहिलेली तिकीटखिडकी. तिथे आवाराचं तिकीट वेगळं आणि घराच्या फेरीचं वेगळं. ‘दोम तल्स्तोवा’ म्हणजे टॉलस्टॉयचं घर, एवढं म्हटलं तरी काम होतं. पहिल्याच फेरीचं तिकीट मिळालं तरी ते घेऊ नये, असं माझं मत. मधे तासभर ठेवा. हा तास बाहेर चालण्यात घालवला तर आत काय बघायचं ते कळतं. सरळ घरात शिरणाऱ्याला ते एका खाऊनपिऊन सुखी माणसाचं जुनं घर वाटतं, यापलीकडे काही नाही.

बुरुजांतून आत आलं की शेजारी मोठं तळं लागतं आणि समोर बर्चच्या दुतर्फा रांगांमधून हलक्या चढणीचा रस्ता. याचं नाव ‘प्रेश्पेक्त’. ‘प्रॉस्पेक्ट’ हा परका शब्द रशियन जिभेवर घोळून असा झाला. ‘युद्ध आणि शांती’तल्या म्हाताऱ्या बोल्कोन्स्कीच्या जहागिरीतही हाच शब्द येतो, कारण तो म्हातारा बराचसा या आजोबांवरून घेतलेला आहे. रस्ता डांबरी नाही. पावसानंतर आणि मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळताना इथे असा चिखल होतो की पांढरे बूट घातलेल्यांची फजिती ठरलेली. जाड तळव्याचे, पाणी न शिरणारे बूट घाला. उन्हाळ्यात डास असतात आणि उंच गवतात गोचिड्या. गोचीड म्हणजे आपल्याकडे गुराढोरांची गोष्ट, पण तिकडच्या गोचिडीमुळे माणसाला लाइमचा आजार होतो. पायमोजे विजारीवर ओढून घ्यायचे आणि संध्याकाळी अंग तपासायचं.

चढण संपली की दोन पांढरी दुमजली घरं दिसतात, एकमेकांपासून बरीच लांब. त्यांच्या मधे झाडं. इथे थांबून नीट बघा, कारण या जागेचं सगळ्यात मोठं कोडं इथेच आहे. टॉलस्टॉय ज्या घरात जन्मले ते घर या दोन घरांच्या मधोमध होतं, आणि आता ते नाही. ही दोन घरं म्हणजे त्या मुख्य वाड्याच्या दोन बाजूंच्या छोट्या इमारती. १८५४ साली टॉलस्टॉय सैन्यात असताना त्यांनी तो मोठा वाडा शेजारच्या एका जमीनदाराला विकला. विकला म्हणजे उकलून, लाकूड-विटांसकट. जवळच्या दोल्गोये गावी तो पुन्हा उभा राहिला आणि १९१३ च्या सुमाराला मोडीत निघाला. विकण्याच्या वेळी सैनिकांसाठी मासिक काढायचा बेत होता, पण सरकारची परवानगी मिळाली नाही आणि पैसे पत्त्यांच्या जुगारात गेले. पुढे लग्न करून आले तेव्हा संसार मांडायला ही बाजूची छोटी इमारतच उरली होती. मुलं होत गेली तशी तिला जोड देत गेले, म्हणून ती बाहेरून जरा वेडीवाकडी दिसते. एका बाजूला लाकडी जाफरीचा व्हरांडा आहे. लाकडात कापलेले कोंबडे, घोडे, माणसांच्या आकृती. फोटो काढायचे ते या व्हरांड्याचे. आत मनाई आहे.

मधल्या मोकळ्या जागी एक दगड आहे, इथे जन्मघर होतं असं त्यावर लिहिलंय. म्हातारपणी टॉलस्टॉय इथल्या एका उंच लार्च झाडाच्या शेंड्याकडे बोट करून पाहुण्यांना सांगत की आपला जन्म त्या तिथे वर झाला, कारण वरच्या मजल्यावरची आईची खोली तेवढ्या उंचीवर होती. दगडापाशी उभं राहून मान वर करा, म्हणजे वाडा केवढा असेल त्याचा अंदाज येतो. माझ्या दृष्टीने आवारातली ही सगळ्यात चांगली जागा, आणि लोक इथे अर्धा मिनिटही थांबत नाहीत.

दुसरी इमारत म्हणजे कुझ्मिन्स्कींचं घर, मेव्हणीचं कुटुंब उन्हाळ्यात इथे उतरायचं म्हणून हे नाव. त्याआधी, १८५९ पासून, टॉलस्टॉयनी शेतकऱ्यांच्या मुलांची शाळा चालवली ती याच घरात. गृहपाठ नाही, शिक्षा नाही, मुलाला वाटेल तेव्हा त्याने उठून जावं. आत बदलती प्रदर्शनं असतात. वेळ उरला तर बघावीत. घराजवळ ‘गरिबांचं झाड’ आहे: गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं त्याखाली बाकावर बसून वाट बघायची. जुनं एल्म वठलं, आताचं झाड नंतर लावलेलं. घंटा मात्र तिथेच टांगलेली आहे.

आता घर. बुटांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या, त्यांना ‘बखीली’ म्हणतात. जाडजूड बुटांवर त्या फाटतात, तेव्हा दोन जोड मागून घ्या. कोट आणि पाठपिशवी बाहेर ठेवावी लागते. गाईड बहुधा रशियनच बोलते, आणि भरभर बोलते. इंग्रजी फेरी हवी तर आधी कळवून ठरवावी लागते. भाषा येत नसेल तरी बिघडत नाही, पण प्रत्येक खोलीत नेमकं काय बघायचं ते डोक्यात घेऊन जा. खोलीमागे तीन-चार मिनिटंच मिळतात.

शिरताच पुस्तकांची कपाटं सुरू होतात आणि शेवटपर्यंत पाठ सोडत नाहीत. घरात सुमारे २२,००० पुस्तकं आहेत, कित्येक भाषांतली, आणि अनेकांच्या समासात टॉलस्टॉयच्या खुणा. भारतातून आलेलं टपालही याच घरात उघडलं गेलं. गांधीजींनी पहिलं पत्र लंडनहून १ ऑक्टोबर १९०९ ला लिहिलं. आठवड्याभरातच इथून उत्तर गेलं. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांनी ‘हिंद स्वराज’चं इंग्रजी भाषांतर पाठवलं आणि टॉलस्टॉयनी ते वाचलं. गाईडला ‘गांदी’ एवढं म्हटलं की ती ओळखीचं हसते. पण रांगेला थांबवून कपाट उघडून दाखवा म्हणू नका, तसं कोणालाच दाखवत नाहीत.

वरच्या मजल्यावर मोठा दिवाणखाना: लांब टेबल, टोकाला समोवार (चहाचं पाणी उकळायचं रशियन भांडं), दोन मोठे पियानो, बुद्धिबळाचं टेबल. भिंतीवर क्राम्स्कोयने काढलेलं टॉलस्टॉयचं १८७३ चं तैलचित्र. चित्रकाराने एकाच वेळी दोन रंगवली, एक मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहात गेलं, दुसरं इथे राहिलं. सगळी तुकडी चित्राकडे बघत असते तेव्हा तुम्ही पुढच्या दाराजवळ सरकून राहा, कारण अभ्यासिकेत पहिल्या चौघांनाच नीट दिसतं.

अभ्यासिकेत तीन वस्तू. एक, अक्रोडाच्या लाकडाचं लिहायचं टेबल. त्याच्या तीन कडांना वीतभर उंचीचा बारीक खांबांचा कठडा आहे, कागद घरंगळू नयेत म्हणून. दोन, टेबलापुढची खुर्ची. ती बघितल्यावर काहीतरी चुकलंय असं वाटतं, कारण ती लहान मुलाची आहे, त्यांच्या मुलीची खुर्ची. टॉलस्टॉयची नजर अधू होती आणि चष्मा लावायला ते तयार नव्हते. कागद डोळ्यांशी आणायचा तर टेबल उंच करा किंवा खुर्ची बुटकी करा. त्यांनी दुसरा उपाय केला. त्या खुर्चीवर बसलं की हनुवटी जवळजवळ कागदावर येते. दोरीपलीकडून जरा खाली वाकून टेबल आणि खुर्ची यांच्या उंचीतला फरक बघा, मोठ्या कादंबऱ्या कशा अवघडून लिहिल्या गेल्या ते लगेच कळतं. तिसरी वस्तू म्हणजे भिंतीला लागून असलेला चामड्याचा सोफा, कडांना पितळी चुका ठोकलेला. १८२८ साली टॉलस्टॉय याच सोफ्यावर जन्मले, त्यांची भावंडंही, आणि पुढे त्यांची बरीचशी मुलंही. वाडा विकला गेला, सोफा राहिला. बाहेरच्या दगडापाशी आधी थांबलेल्यांनाच या सोफ्याची गंमत कळते: लार्चच्या शेंड्याएवढ्या उंचीवरच्या, आता हवेत विरलेल्या खोलीतली ही वस्तू खाली उतरून इथे आली आहे.

शेजारची झोपायची खोली अगदी साधी. लोखंडी खाट, तोंड धुवायचं घंगाळ, व्यायामाचे डंबेल्स, खुंटीला पांढरा सदरा. २८ ऑक्टोबर १९१० च्या पहाटे (जुन्या रशियन कालगणनेप्रमाणे, आपल्या कॅलेंडरने १० नोव्हेंबर) ८२ वर्षांचे टॉलस्टॉय इथून उठले, डॉक्टर माकोवित्स्कींना जागं केलं आणि बायकोला न सांगता घोडागाडीने स्टेशन गाठलं. दहा दिवसांनी अस्तापोवो स्टेशनच्या स्टेशनमास्तरच्या घरात ते वारले. घरातल्या खोल्या त्या १९१० सालाप्रमाणे ठेवल्या आहेत, फक्त त्यांच्या पत्नी सोफिया आंद्रेयेव्हनांची खोली १९१९ साली त्या वारल्या तेव्हाची आहे. त्यांच्या खोलीत फोटोंची आणि देवचित्रांची दाटी, नवऱ्याच्या खोलीत भिंत मोकळी. दोन्ही खोल्या लागोपाठ बघा, घरातल्या भांडणावर गाईडने काही बोलायची गरज उरत नाही.

शेवटाकडे खालची कमानीच्या छताची खोली. आजोबांच्या काळी ही कोठी होती. छतातल्या लोखंडी कड्यांना मांस टांगत. जाड भिंतींमुळे वरचा मुलांचा गलका खाली पोहोचत नाही, म्हणून टॉलस्टॉय इथे लिहायला बसत. ‘युद्ध आणि शांती’ची सुरुवातीची प्रकरणं इथली. चित्रकार रेपिनच्या १८९१ च्या चित्रात हीच खोली आहे. आत शिरल्या शिरल्या वर बघा, नाहीतर कडी नजरेतून सुटतात.

घर जसंच्या तसं राहिलं हे नशीब नव्हे. १९२१ मध्ये सरकारी हुकुमाने याचं संग्रहालय झालं आणि सांभाळायला धाकटी मुलगी अलेक्सांद्रा होती. १९४१ च्या शरदात जर्मन फौजा जवळ आल्या तेव्हा मोलाच्या वस्तू खोक्यांत भरून दूर सैबेरियात तोम्स्कला हलवल्या. ३० ऑक्टोबरपासून ४५ दिवस जर्मन सैन्य इथे होतं. जाताना घराला आग लावून गेले. मागे राहिलेल्या कर्मचाऱ्यांनी ती विझवली.

बाहेर आल्यावर भूक लागलेली असते. बुरुजांजवळ खाण्याची सोय आहे. शाकाहारींनी ‘बेझ म्यासा’ (मांसाशिवाय) म्हणावं, पण सूपचं पाणी मांसाचं असू शकतं, ते वेगळं विचारावं लागतं. स्वतः टॉलस्टॉय ऐन पन्नाशीनंतर शाकाहारी झाले, तरी त्यांच्या गावात आजही बटाटा, काशा (धान्याची जाड खिचडी) आणि ‘पाय’ (आत सारण भरून भाजलेला पदार्थ) यावरच भागवावं लागतं. ‘अंकोव्स्की पिरोग’ हा त्या घरातला लिंबाच्या सारणाचा पाय मिळाला तर सोडू नका. सप्टेंबरात आलात तर अंतोनोव्हका सफरचंदं: हिरवट-पिवळी, आंबट, आणि वास असा की पिशवीत दोन टाकली तर कपड्यांना येतो. फळबागेत वेलांटी घेऊन जाणारी वाट आहे, पण झाडाची फळं तोडू नयेत. बुरुजांबाहेर गावकरी बादल्या भरून विकायला बसतात.

उरलेला वेळ थडग्याला. घरापासून ‘स्तारी झाकाज’ नावाच्या जंगलातून दहा-पंधरा मिनिटांची वाट. एका ठिकाणी पाटी लागते, इथून पुढे शांतता पाळा अशी, आणि रशियन शाळांच्या सहलीसुद्धा तिथून कुजबुजत जातात. पोहोचल्यावर अनेकांना कळत नाही की आपण पोहोचलो. घळीच्या काठाला झाडांच्या मधे एक लांबट, गवताने झाकलेला मातीचा उंचवटा. क्रूस नाही, दगड नाही, नाव नाही. ही जागा त्यांनी स्वतः सांगून ठेवलेली. लहानपणी थोरला भाऊ निकोलाय सगळ्यांना सांगायचा की माणसं सुखी कशी होतील याचं गुपित एका हिरव्या काठीवर लिहिलंय आणि ती काठी या घळीच्या काठी पुरलीय. तुलाची नवी लग्न झालेली जोडपी फुलं घेऊन येतात. शनिवारी पांढऱ्या झग्यातल्या दोन-तीन नवऱ्या इथे भेटतात. गवतावर पाय देऊ नये, झाडांच्या बाहेरून फिरावं. थंडीत गेलात तर पाईन-फरच्या फांद्यांनी झाकलेला, बर्फातला उंचवटा दिसतो. दुपारी चारनंतर अंधारतं, तेव्हा ही वाट आधीच उरकून घ्या.

घरातली बाकीची माणसं इथे नाहीत. ती दोनेक किलोमीटरवर कोचाकी गावच्या चर्चच्या आवारात आहेत: आईवडील, आजोबा वोल्कोन्स्की, आणि सोफिया आंद्रेयेव्हना. टॉलस्टॉयना चर्चने १९०१ मध्ये बाहेर काढलेलं, त्यामुळे त्यांना तिथे जागा नव्हती, आणि हवीही नव्हती. टॅक्सी असेल तर परतताना वीस मिनिटं तिथे थांबा. चर्चमध्ये जायचं तर बायकांनी डोक्याला रुमाल बांधावा, पुरुषांनी टोपी काढावी. सोफियांच्या थडग्यावर क्रूस आहे.